पीएचडी विद्यार्थ्यांचं रिट्रीट: ४५ जण, दोन रात्री, वेळापत्रक कसं बसवावं?

चिन्मयी_प
नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका संस्थेच्या जीवशास्त्र विभागाचं रिट्रीट (बाहेरगावी राहून घ्यायचं विभागाचं एकत्र शिबिर) फेब्रुवारीत पाचगणीला ठरतंय. ४५ पीएचडी विद्यार्थी, १२ लॅब. शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी दुपारी परत. वर्षांनुसार विभागणी अशी: पहिलं वर्ष १०, दुसरं ९, तिसरं ९, चौथं ८, पाचवं आणि पुढचे ९.

विभागाची सूचना आहे की प्रत्येकाने १५ मिनिटं सादरीकरण करावं. मला ते पटत नाही. पूर्ण झालेलं काम दाखवायला विभागाचा साप्ताहिक सेमिनार आहेच. तीन दिवस सगळे एका छताखाली असताना, ज्याचं काम अडलंय त्याला मदत मिळायला हवी. पण "मोकळी चर्चा" असं नुसतं वेळापत्रकात लिहिलं की चर्चा होत नाही, हेही दिसतं.

तर विचारायचं आहे: वेळ कसा वाटावा? गाइड मंडळी असावीत का? मागे लॅबमध्ये पेशी, माश्या, मासे, उंदीर यांचं काय? आणि अप्रकाशित डेटा मोकळेपणाने दाखवायचा तर काय काळजी घ्यावी?

सह्यकडा
आधी गणित. ४५ गुणिले १५ म्हणजे ६७५ मिनिटं, सव्वाअकरा तास. शुक्रवारी दुपारी ४ तास, शनिवारी ७, रविवारी ३, असे सगळे मिळून हाताशी १४ तास. लॅपटॉप बदलणं, वायर जोडणं, उशिरा येणं धरलं तर बाकी काही उरतच नाही. विभागाला हाच आकडा दाखवा, दुसरा युक्तिवाद करावा लागणार नाही.

पेशीबाग
वर्षानुसार वेगवेगळं काम द्या. पहिल्या वर्षाकडे डेटा नसतो, प्रश्न असतो. त्यांना प्रत्येकी ३ मिनिटं, एकच स्लाइड: प्रश्न काय, पहिला प्रयोग कोणता, आणि कोणता निकाल आला तर ही कल्पना सोडून द्याल. हा तिसरा भाग सक्तीचा ठेवा. तिसऱ्या वर्षाला पूर्ण सादरीकरण, १२ मिनिटं बोलणं आणि ८ मिनिटं प्रश्न. तिसऱ्या वर्षी दिशा बदलायला अजून वेळ असतो, म्हणून सूचनांचा उपयोग सर्वांत जास्त त्यांनाच. दुसरं आणि चौथं वर्ष पोस्टर. पाचव्या वर्षाच्या मुलांना सादरीकरण नको, त्यांना गटचर्चा चालवायला द्या. प्रबंध लिहिताना इतरांच्या प्रयोगातल्या फटी त्यांना लवकर दिसतात.

किण्वक
पेशीबाग, पोस्टर A१ आकाराचंच ठेवायला सांगा, म्हणजे ५९४ गुणिले ८४१ मिमी. १७ पोस्टर A० आकाराची असली तर हॉटेलच्या हॉलमध्ये तेवढी जागा नसते, आणि स्टँड पुण्याहून न्यावे लागतात. भिंतीला दुहेरी टेप लावू नका, रंगाचे पापुद्रे निघतात आणि अनामत रक्कम कापली जाते. ५ मिमी जाडीचे फोम बोर्ड, काळ्या बाइंडर क्लिपा आणि नायलॉनची दोरी एवढ्यात काम होतं. दोरी खिडकीच्या गजांना ताणून बांधायची, बोर्ड क्लिपांनी लटकवायचे. प्रत्येक बोर्डाला खालूनही दोन क्लिपा लावा, नाहीतर पंखा चालू झाला की बोर्ड फिरतात.

छपाई मॅट कागदावर. फ्लेक्स चमकतं, तिरक्या प्रकाशात ब्लॉटच्या (प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या चाचणीच्या) पट्ट्या दिसत नाहीत. शिवाय पाचगणी-महाबळेश्वर परिसर २००१ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे प्लास्टिकचा ढीग नेणं जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शोभत नाही.

अमृता_ग
"मोकळी चर्चा होत नाही" यावर उपाय आहे: चर्चेला साचा द्या. आमच्याकडे त्याला "अडलेला प्रयोग" म्हणतात. गटात ७-८ जण, शक्यतो सगळे वेगवेगळ्या लॅबचे. एका अडचणीला ३० मिनिटं:

पहिली ५ मिनिटं अडचण सांगायची. पुढची ५ फक्त खुलाशाचे प्रश्न, सल्ला द्यायचा नाही. नंतर १५ मिनिटं गट आपसात बोलतो आणि ज्याची अडचण आहे त्याने गप्प राहून लिहून घ्यायचं. शेवटच्या ५ मिनिटांत त्याने सांगायचं की यातला कोणता एक प्रयोग किंवा कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) तो परत गेल्यावर आधी करणार.

मधली १५ मिनिटं गप्प राहणं फार महत्त्वाचं. नाहीतर प्रत्येक सूचनेवर "हे करून झालंय" असं उत्तर येतं आणि गट थंड पडतो.

त्यासाठी चार-पाच दिवस आधी प्रत्येकाकडून एक A४ पान घ्यायचं. त्यावर प्रश्न, काय अपेक्षित होतं, काय आलं, कोणते कंट्रोल झाले, किती स्वतंत्र पुनरावृत्ती झाल्या, आणि एक मूळ प्रतिमा. वेस्टर्न ब्लॉट असेल तर न कापलेला, मार्करसकट (आकार मोजायच्या ओळखीच्या पट्ट्यांसकट). कापलेल्या पट्टीवर कोणी सल्ला देऊ शकत नाही. अडचण पुष्कळदा नेमकी कापलेल्या भागातच असते: अनपेक्षित आकाराची पट्टी, किंवा सगळ्या लेनमध्ये (प्रत्येक नमुन्याच्या रांगेत) सारखा दिसणारा डाग.

चिन्मयी_प
अमृता, हे फार उपयोगी आहे. पाचव्या वर्षाचे ९ जण गट चालवायला काढले तर ३६ उरतात. ६ गट, प्रत्येकात ६ अडचणी. ९० मिनिटांच्या एका सत्रात ३ अडचणी, म्हणजे दोन सत्रांत ३६ जणांची प्रत्येकी एक अडचण होते. अगदी बरोबर बसतंय. ९ चालकांपैकी तीन गटांना दोन-दोन मिळतील.

सूक्ष्मदर्शी
त्या पानावर "पुनरावृत्ती" लिहायला सांगताना स्पष्ट करा की जैविक की तांत्रिक. एकाच दिवशी एकाच फ्लास्कमधल्या पेशी तीन वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यांत) टाकून मोजल्या तर ती n (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) = १ आहे, ३ नाही. तीन वेगवेगळ्या पॅसेजच्या (पेशी नव्या भांड्यात हलवण्याच्या खेपांच्या), वेगवेगळ्या दिवशी केलेल्या पेशी असतील तर ३. न्यूरॉनच्या कामात एका उंदराच्या ४० पेशी मोजल्या की n = ४० लिहितात. त्या पेशी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत, त्यामुळे p ची किंमत (फरक नसतानाही असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता) खोटी लहान येते. प्रत्येक उंदराची सरासरी काढा, किंवा मिश्र-परिणाम मॉडेल (कोणती पेशी कोणत्या उंदराची हे धरणारी सांख्यिकी पद्धत) वापरा. सांख्यिकी जाणणारी एक व्यक्ती बरोबर न्या आणि शनिवारी सकाळी तासभर तिला एका टेबलावर बसवा. ज्याला हवं तो स्वतःची एक्सेल घेऊन जाईल. व्याख्यानापेक्षा हे शंभर पटीने कामाला येतं.

माशीघर
लॅब मागे कशी सोडायची याचं उत्तर कोणी दिलं नाही, म्हणून लिहितो. हे पंधरा दिवस आधी ठरलं पाहिजे, आदल्या दिवशी नाही.

फळमाशी: साठ्याच्या बाटल्या १८ अंशांवर. २५ अंशांवर पिढी साधारण १० दिवसांत होते, १८ वर जवळपास दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे तीन दिवस काहीच अडत नाही. अडतं ते क्रॉससाठी (ठरावीक नर-मादीच्या संकरासाठी) कुमारी माद्या गोळा करण्यात. २५ अंशांवर मादी बाहेर आल्यापासून साधारण ८ तासच खात्रीची, १८ वर ठेवलं तर १६ तासांच्या आसपास. म्हणजे शुक्रवारी सकाळी बाटल्या रिकाम्या करून निघालात तर रविवारी संध्याकाळी त्यात जे सापडेल ते क्रॉससाठी वापरायचं नाही, सरळ काढून टाकायचं आणि तिथून पुन्हा तास मोजायला लागायचं. क्रॉस असे लावा की त्या तीन दिवसांत कोणती माशी बाहेर येणारच नाही.

सूत्रकृमी: ताज्या जिवाणूंच्या प्लेटवर थोडे टाकून १५ अंशांवर. २० वर साधारण साडेतीन दिवसांत पिढी पुरी होते आणि प्लेट उपाशी पडते.

पेशीबाग
पेशींचं मी सांगते. २४ तासांत दुप्पट होणाऱ्या हेलासारख्या (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या) पेशी तीन दिवसांत आठपट होतात. गुरुवारी संध्याकाळी १० टक्के दाटीला लावा, रविवारी संध्याकाळी ८० टक्क्यांना मिळतील. स्टेम सेल (मूळपेशी) मात्र रोज माध्यम (पोषक द्रव) मागतात, त्या गोठवून जाणंच बरं. १० टक्के डीएमएसओ (गोठताना पेशींना जपणारं द्रावक), आयसोप्रोपॅनॉलच्या डब्यात उणे ८० वर रात्रभर म्हणजे मिनिटाला साधारण १ अंश थंड होतात, आणि दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये. म्हणून गोठवणं बुधवारी. गुरुवारी गोठवल्या तर हलवायला शुक्रवारी माणूस नसतो, आणि उणे ८० ला पडून राहिल्या की जगण्याचं प्रमाण उतरत जातं.

इन्क्युबेटरच्या पाण्याच्या तसराळ्यात निर्जंतुक पाणी भरून जा. आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर एकच असेल तर दाबमापकावर विसंबू नका. आत द्रव वायू असेपर्यंत काटा खोलीच्या तापमानानुसार ५०-६० बारवरच राहतो. द्रव संपला की मग भराभर उतरतो. काटा "भरलेला" दिसतो आणि दुसऱ्या दिवशी माध्यम जांभळं होतं, म्हणजे वायू संपलेला असतो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा आणि त्यावर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. खरं उत्तर तेच.

किण्वक
यीस्टवाल्यांना प्लेट पॅराफिल्म लावून ४ अंशांवर ठेवली की झालं. सगळ्यांत गुणी पाळीव प्राणी आमचाच. 🙂
इ. कोलायवाल्यांनी एक पथ्य पाळावं: गुरुवारी रात्री ट्रान्सफॉर्मेशन (जिवाणूंत बाहेरचा डीएनए घालणं) करून प्लेट ३७ अंशांवर सोडून जाऊ नये. अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर मूळ वसाहतीतून बाहेर पडणारं बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम आजूबाजूचं औषध तोडतं आणि भोवती बारीक उपवसाहती उगवतात. रविवारी कोणती वसाहत खरी ते ओळखता येत नाही.

रोहू_कटला
झेब्राफिश: ५ दिवसांपर्यंतच्या पिल्लांना पीतक (अंड्यातला बलक) पुरतो, त्यानंतर खाद्य द्यावं लागतं. म्हणून रिट्रीटच्या आधीच्या आठवड्यात अंडी घ्यायची नाहीत. मोठे मासे दोन-तीन दिवस कमी खाण्यावर राहू शकतात, पण पंप, तापमान आणि सामू दिवसातून दोनदा पाहायलाच हवेत. पंप बंद पडला तर मासे तीन दिवस थांबत नाहीत. माशांना खाऊ घालायच्या आर्टेमियाची (बारीक खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीची) अंडी २८ अंशांवर, हवा सोडून, साधारण २४ तासांत फुटतात. मागे राहणाऱ्याला ते लावणं आणि गाळणं दोन्ही आधी एकदा हाताने करून दाखवा. नुसती चिठ्ठी पुरत नाही.

उंदरांच्या बाबतीत बदली माणूस प्रशिक्षित हवा आणि त्याचं नाव नैतिक समितीच्या मंजूर प्रोटोकॉलमध्ये हवं. "मित्राला सांगून जातो" हे चालत नाही. त्या तीन दिवसांत शस्त्रक्रिया, अपेक्षित बाळंतपण किंवा गाठीची मोजणी ठेवू नका.

निशिगंध
मागे राहणारे म्हणजे दरवर्षी पहिल्या वर्षाचे, असं होऊ देऊ नका. त्यांनाच रिट्रीटची जास्त गरज असते. प्रकल्प सहायक किंवा पोस्टडॉक यांना मोबदला देऊन ठेवा, नाहीतर दोन विभागांनी एकमेकांच्या लॅब सांभाळायचा करार करा. आणि एकट्या माणसाला द्रव नायट्रोजन भरायला लावू नका. बंद खोलीत तो उकळला की ऑक्सिजन कमी होतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध हरपते. टाकी गुरुवारी भरा, पातळी पट्टीने मोजून दारावर लिहा.

कुरिअरचंही पाहा. कोरड्या बर्फातलं पार्सल शुक्रवारी संध्याकाळी आलं आणि सोमवारपर्यंत स्टोअरमध्ये राहिलं तर आतलं एन्झाइम गेलं म्हणून समजा. त्या आठवड्यात बुधवारनंतर पोहोचणारं काही मागवू नका.

रानवाटा
विषय थोडा बदलतो. पाचगणी फेब्रुवारीत कोरडी असते. जुलैत आंबोलीला का नाही जात? जीवशास्त्राच्या मुलांना जांभ्याचे सडे हिरवे असताना दाखवायला हवेत: कीटकभक्षी दवबिंदू, सीतेची आसवं. आंबोली टोडचं शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झालं. हिरण्यकेशीच्या कुंडातला मासा २०२० मध्ये नव्याने नोंदवला गेला आणि ती जागा पुढच्याच वर्षी जैवविविधता वारसा स्थळ झाली. पेशीविज्ञानाच्या मुलाला प्रजाती कशी ठरते हे तिथे डोळ्यांनी दिसेल.

सह्यकडा
रानवाटा, मनापासून पटतं, पण ४५ जणांच्या रिट्रीटला नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली की बस अडकते आणि रविवारी परतण्याची खात्री राहत नाही. मागे लॅब सांभाळणाऱ्यांची पाळी तिथेच कोलमडते. शिवाय एवढी माणसं रात्री टॉर्च घेऊन सड्यावर चालली तर बेडकांचंच नुकसान.

रानवाटा
तेही खरं. मग १०-१२ जणांची वेगळी सहल ठेवावी. आणि कुठेही गेलात तरी परवानगीशिवाय काही गोळा करायचं नाही. उभयचर असलेल्या पाण्यात एका जागेहून दुसरीकडे जाताना बूट घासून, पूर्ण वाळवून जा. बेडकांना मारणारी काय्ट्रिड बुरशी ओल्या चिखलातून पसरते आणि पश्चिम घाटात तिची नोंद झालेली आहे. पाचगणीला शनिवारी सकाळी साडेसहाला टेबललँडवर फेरी ठेवा, घोडागाड्या सुरू व्हायच्या आत. फेब्रुवारीतही कोरडा जांभा, खळगे आणि मातीचा पातळ थर पाहून कळतं की पावसाळ्यातल्या वनस्पतींना चार महिन्यांत सगळं का उरकावं लागतं.

गोवेकर
गाइडांच्या प्रश्नावर: गाइड नसावेत. ते समोर असले की मुलं "प्रयोग फसला" म्हणत नाहीत, "ऑप्टिमाइझ करतोय" म्हणतात.

अमृता_ग
गोवेकर, पूर्ण असहमत. तांत्रिक चूक दहा विद्यार्थी मिळूनही कधीकधी पकडू शकत नाहीत. अँटिबॉडी (ठरावीक प्रथिन ओळखणारा रेणू) नॉकआउट पेशींतही, म्हणजे ते प्रथिनच नसलेल्या पेशींतही, पट्टी दाखवते, हे ज्याने पंधरा वर्षं त्या प्रथिनावर काम केलंय तो एका वाक्यात सांगतो. ते वाक्य मिळालं नाही तर विद्यार्थ्याचं वर्ष जातं.

गोवेकर
मान्य, पण ते वाक्य मुलाने अडचण उघड सांगितली तरच मिळतं ना? माझं म्हणणं क्रमाचं आहे. आधी अडचण बरोबरीच्यांत बोलून होऊ द्या, मग गाइडांसमोर.

पेशीबाग
दोघांचं जुळवता येतं. गाइडांनी शनिवारी दुपारच्या जेवणाला यावं आणि रात्रीच्या जेवणानंतर निघावं. तोवर "अडलेला प्रयोग"ची दोन्ही सत्रं झालेली असतील. पोस्टर आणि तिसऱ्या वर्षाची सादरीकरणं गाइडांसमोर. स्वतःच्या विद्यार्थ्याच्या सादरीकरणात गाइडने उत्तर द्यायचं नाही, हा नियम अध्यक्षांनी सुरुवातीलाच वाचून दाखवावा. आणि पहिला प्रश्न विद्यार्थ्याचाच, शक्यतो मुलीचा. २०१८ मध्ये सेमिनारमधल्या प्रश्नांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की पहिला प्रश्न पुरुषाने विचारला की पुढे स्त्रियांचे प्रश्न तुलनेने कमी येतात. पहिल्या प्रश्नाआधी एक मिनिट शेजाऱ्याशी बोलू दिलं तरी हात जास्त वर येतात.

कागदपत्र
अप्रकाशित डेटाबद्दल. एक पानाचं गोपनीयतेचं पत्र करा आणि बसमध्ये बसायच्या आधी सगळ्यांच्या सह्या घ्या. बाहेरचा पाहुणा वक्ता असेल तर त्याचीही. फोटो काढायचे नाहीत, समाजमाध्यमांवर टाकायचं नाही. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्स या आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदांमध्ये हाच नियम वर्षानुवर्षं आहे आणि म्हणूनच तिथे लोक ताजा डेटा दाखवतात.

ज्यांच्या कामात पेटंटची शक्यता आहे त्यांनी आधी संस्थेच्या बौद्धिक संपदा विभागाला विचारावं. भारतीय कायद्यात काही ठरावीक परिस्थितीत बारा महिन्यांची सवलत आहे, पण युरोपात अशी सर्वसाधारण सवलत नाही. तिथे जाहीर वाच्यता झाली की नावीन्य संपलं. गोपनीयतेने बांधलेल्या बंद गटातली चर्चा जाहीर धरली जात नाही, म्हणून त्या सह्यांना किंमत आहे. रेणूची रचना किंवा क्रम दाखवायचा नसेल तर "संयुग अ" म्हणा. चर्चेला त्याने बाधा येत नाही.

आणखी एक: बस, हॉटेल, टेबललँड, सगळीकडे २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा लागू धरा. कामानिमित्त गेलेली जागा आणि त्यासाठीचा प्रवास कायद्याच्या व्याख्येत येतो. अंतर्गत समितीच्या एका सदस्याचा नंबर वेळापत्रकाच्या पहिल्या पानावर छापा.

निशिगंध
त्याच पानावर रुग्णवाहिकेचा १०८ आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हेही द्या. चौथ्या-पाचव्या वर्षात ताण वाढतो आणि अशा ठिकाणी रात्री गप्पांत तो बाहेर येतो. ऐकणाऱ्या मित्राला पुढे काय करायचं हे माहीत हवं.

पैशांचं: विद्यार्थ्यांना आधी खर्च करायला लावून नंतर परतफेड, हे कृपया नको. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) दरमहा ३७,००० आणि एसआरएफ (वरिष्ठ) ४२,००० रुपये झालं खरं, पण फेलोशिप महिनोन्महिने उशिरा येते हे इथे सगळ्यांना माहीत आहे. संस्थेकडून अग्रिम घ्या. तीन कोटेशनं, हॉटेलला किमान संख्येची हमी ४५ ऐवजी ४१-४२ चीच द्या, कारण शेवटच्या आठवड्यात तीन-चार जण गळतातच. बसचं भाडं ३० जणांनाही तेवढंच असतं, ते दरडोई वाटून दाखवू नका.

ताम्हण
जेवणाची यादी करताना फक्त शाकाहारी/मांसाहारी/जैन असं विचारू नका, ॲलर्जी विचारा. इतर राज्यांतून आलेल्या मुलांना कल्पना नसते की आपल्याकडे कोशिंबिरीत, भाजीत, साबुदाण्याच्या खिचडीत, सगळीकडे दाण्याचं कूट असतं. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यासाठी हे जिवावरचं आहे. आचाऱ्याला लेखी द्या, वेगळा डाव आणि वेगळं पातेलं ठेवायला सांगा.
आणि ज्यांना बस लागते त्यांनी गोळी खंबाटकीच्या आधी घ्यावी. पसरणी घाट सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही, परिणाम व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो.

सूक्ष्मदर्शी
प्रोजेक्टरबद्दल कोणी बोललं नाही. हॉटेलचा प्रोजेक्टर लग्नाच्या व्हिडिओला पुरतो, फ्लुओरेसन्सच्या (चमकणारे रंग वापरून सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या) प्रतिमेला नाही. संस्थेचा घेऊन जा, ३००० ल्यूमेनच्या वरचा. काळ्या पार्श्वभूमीवरचा मंद सिग्नल उजेडाच्या हॉलमध्ये दिसत नाही, म्हणून प्रत्येक चॅनेल (एकेका रंगाची प्रतिमा) वेगळा करड्या रंगात दाखवा, आणि एकत्र प्रतिमेत लाल-हिरव्याऐवजी किरमिजी-हिरवा. रंग ओळखण्यात अडचण असणारे प्रत्येक हॉलमध्ये एक-दोघे तरी असतात. प्रतिमेवर मापनपट्टी आणि तिची लांबी दोन्ही.

सगळ्यांच्या फायली आदल्या रात्री एकाच लॅपटॉपवर. इमेज-जे या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेली एव्हीआय फिल्म दुसऱ्या लॅपटॉपवर पुष्कळदा चालत नाही, एमपी४ करून आणा. यूएसबी-सी ते एचडीएमआय अडॅप्टर दोन. १ केव्हीएचा यूपीएस न्या. वीज गेल्यावर जनरेटर चालू व्हायला अर्धं मिनिट लागतं, पण दिव्याचा प्रोजेक्टर बंद पडला की थंड होऊन पुन्हा उजळायला पाच मिनिटं जातात.

बायोइन्फो_नागपूर
आम्हा संगणकवाल्यांना कोणी विचारलंच नाही! आमच्या माश्या मरत नाहीत, पण सर्व्हरवरचं काम मरतं. घाटात इंटरनेटवर भिस्त ठेवू नका. चर्चेला लागणारा डेटा छोटा करून लॅपटॉपवर आणा, जीनोम ब्राउझरची चित्रं आधीच काढून ठेवा. आणि गट करताना प्रत्येक गटात एक तरी संगणकी काम करणारा टाका. आरएनए-सीक्वेन्सिंगच्या (कोणती जनुकं किती चालू आहेत हे मोजण्याच्या) अडचणींत नमुने वेगवेगळ्या दिवशी काढल्यामुळे आलेला बॅच-परिणाम तो पटकन ओळखतो. सगळे कंट्रोल सोमवारी आणि सगळे औषध दिलेले नमुने गुरुवारी काढले असतील तर ते कोणत्याही सॉफ्टवेअरने वेगळं करता येत नाही, प्रयोगच पुन्हा करावा लागतो.

माशीघर
रविवारी सकाळसाठी एक सुचवतो: "कोणाकडे काय आहे" ही यादी. भिंतीवर मोठा कागद लावा. प्रत्येक लॅबने चालणाऱ्या अँटिबॉडी, कोणत्या प्रमाणात आणि कोणत्या ऊतीवर, प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारी डीएनएची कडी), माश्यांच्या जाती, आणि न चालणाऱ्या अँटिबॉडीसुद्धा लिहायच्या. न चालणाऱ्यांची यादी जास्त पैसे वाचवते. १२ लॅबमध्ये तीच महागडी बाटली तीनदा विकत घेतलेली सापडते.

चिन्मयी_प
सगळ्यांचे मनापासून आभार. विभागाला सव्वाअकरा तासांचा हिशोब दाखवला, सगळ्यांनी बोलण्याचा आग्रह सुटला. आता कच्चं वेळापत्रक असं:

शुक्रवार: ७ ला बस, वाईला नाश्ता, १ ला जेवण. २ ते २:४५ पहिल्या वर्षाचे १० जण. ३ ते ४:३० अडलेला प्रयोग, सत्र १. पुढे मोकळं.
शनिवार: ६:३० टेबललँड. ९:३० ते ११ अडलेला प्रयोग, सत्र २. ११:२० ते १२:४५ सांख्यिकीचं आणि प्रतिमांचं टेबल. १ ला जेवण, गाइड येतात. २:१५ ते ३:३५ चार सादरीकरणं, चहा, ३:५५ ते ५:३५ पाच सादरीकरणं. ६ ते ७:३० पोस्टर. जेवण.
रविवार: ९:३० ते ११ "कोणाकडे काय आहे". मग प्रत्येकाने परत गेल्यावरचा पहिला प्रयोग लिहून द्यायचा. १ ला बस. चार आठवड्यांनी तेच गट तासभर भेटतील आणि तो प्रयोग झाला का ते पाहतील.

काही चुकतंय का?

अमृता_ग
शनिवारची दुपार उलटी करा. जेवणानंतर अंधाऱ्या हॉलमध्ये सादरीकरणं ठेवली तर पहिल्या चौघांचं कोणी ऐकत नाही. २:१५ ते ३:४५ पोस्टर घ्या, उभं राहिल्यावर झोप येत नाही. विषम क्रमांक पहिली ४५ मिनिटं, सम क्रमांक नंतर, म्हणजे पोस्टरवाल्यांनाही इतरांची पोस्टर पाहता येतील. चहानंतर ४ ते ५:२० चार सादरीकरणं, ५:४० ते ७:२० पाच.

सूक्ष्मदर्शी
अमृताला दुजोरा. शिवाय फेब्रुवारीत साडेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. हॉलला जाड पडदे नसतील तर फ्लुओरेसन्सच्या प्रतिमा असलेल्यांना शेवटचे क्रमांक द्या, आलेख आणि ब्लॉटवाल्यांना ४ वाजताचे.

चिन्मयी_प
दोन्ही बदल केले. तिसऱ्या वर्षाच्या ९ पैकी चौघांच्या कामात कॉन्फोकल (फ्लुओरेसन्सच्या प्रतिमा घेणारा सूक्ष्मदर्शक) आहे, त्यांना ६ नंतरचे चार क्रमांक दिले. माशीघर, कुमारी माद्यांचा हिशोब आमच्या माशीवाल्या लॅबला पाठवलाय. क्रॉस त्या आठवड्यात न लावता पुढच्या सोमवारी लावणार आहेत. पेशीबाग, सिलिंडरसाठी स्टोअरमधला ५० किलोपर्यंतचाच काटा सापडला. मोठा भरलेला सिलिंडर त्याहून जड असतो ना?

पेशीबाग
हो. ३० किलो वायूचा पोलादी सिलिंडर रिकामाच बराच जड असतो, भरल्यावर ५० च्या पुढे जातो. गॅस पुरवठादाराकडे १०० किलोच्या वरचा प्लॅटफॉर्म काटा असतो, बुधवारी सिलिंडर बदलायला येतील तेव्हा घेऊन यायला सांगा. तोलताना रेग्युलेटर काढून, वरची टोपी लावून, साखळी दोघांनी धरून.